सहा फूट पाच इंचांची बैठक: किट विमान निवडण्याचे एक प्रकरण

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात राहणारे एक जोडपे. दोघांकडेही खासगी वैमानिकाचा परवाना. पती 6 फूट 5 इंच (196 सेंटिमीटर), वजन 245 पौंड. पत्नी 5 फूट 5 इंच, 150 पौंड. मुलगा सोळा वर्षांचा, आत्ताच 6 फूट 4 इंच आणि 190 पौंड, आणि शिकायला सुरुवात केलेली. घरच्या गॅरेजमध्ये दोन सीटचे किट विमान (कंपनीकडून सुटे भाग आणून स्वतः जोडायचे) बांधायचे, त्यातून चार-पाचशे मैलांचे प्रवास करायचे, जमल्यास हलक्याफुलक्या कसरती करायच्या. मनात भरलेले विमान व्हॅन्स कंपनीचे आरव्ही-7. प्रश्न एकच: यात माणूस मावतो का? हे कुटुंब प्रातिनिधिक आहे. अशी शरीरे आणि असा प्रश्न घेऊन विमान बांधायला निघालेले लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेच जण उत्तर उशिरा शोधतात.

उशिरा का, ते आधी समजून घेऊ. किट सगळे एकदम येत नाही. पहिल्यांदा शेपटीचे किट येते, मग पंख, मग फ्यूजलाज (विमानाचे धड), शेवटी कॅनोपी (बैठकीवरचे पारदर्शक झाकण) आणि सीटसकट उरलेले सामान. शेपटीचे किट त्यातल्या त्यात स्वस्त, म्हणून हौसेने मागवले जाते. रिव्हेट मारायचा हात बसतो, पंख तयार होतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी फ्यूजलाजमध्ये पहिल्यांदा बसल्यावर कळते की डोके कॅनोपीला लागते. तोवर हजारभर तास आणि मोठी रक्कम खर्च झालेली असते. त्यामुळे बसण्याचा निकाल शेपटीची ऑर्डर देण्याआधीच लागला पाहिजे. या कुटुंबाने नेमके तेच केले, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखे आहे.

प्रशिक्षणाच्या विमानावरून अंदाज बांधणे ही पहिली चूक. पती सेसना 172 मध्ये शिकले. तिथे केबिनची रुंदी जेमतेम 40 इंच, तरी ते बसत होते, कारण 172 ची सीट रुळावर मागे सरकते. सीट शेवटच्या खाचेपर्यंत नेली की पायांना जागा मिळते. लहान किट विमानांत असे लांब रूळ बहुधा नसतात. आरव्ही-7 मध्ये सीटची पाठ जमिनीवरच्या बिजागरीच्या ठरावीक जागांपैकी एकीत बसते आणि वरून तिचा कल थोडा बदलता येतो. उंचीबद्दल नियमाचा आधारही नाही. मोठ्या प्रवासी विमानांच्या कॉकपिटसाठी अमेरिकी नियम 5 फूट 2 इंच ते 6 फूट 3 इंच असा पल्ला धरतो. हौशी बांधणीच्या विमानाला तसा काही पल्ला नाही. तिथे मोजमाप आपले आपणच करायचे.

आधी भिंत, मग विमान

उंची सांगून काही कळत नाही, बैठी उंची सांगावी लागते. ती मोजायची रीत सोपी आहे. कडक फरशीवर भिंतीला कंबर आणि खांदे टेकवून ताठ बसायचे, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीला काटकोनात धरायचे, पेन्सिलीने खूण करायची. तीन वेळा मोजून सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. सरासरी काढायची नाही, कारण उतरताना धावपट्टी बघायला माणूस ताठच होतो.

पतींची बैठी उंची निघाली साडेचाळीस इंच. मुलाची 38. उभे राहिल्यावर बाप-लेकात एका इंचाचा फरक, बसल्यावर अडीच इंचांचा. बापाचे धड लांब, मुलाचे पाय लांब. एकाच घरातल्या या दोघांना वेगवेगळी विमाने बसू शकतात. म्हणून ‘माझा मित्र सहा फूट चारचा आहे आणि तो आरामात बसतो’ या साक्षीवर विसंबू नये. पत्नीची बैठी उंची 34 इंच. तिघांच्या खांद्यांची रुंदी, कुल्ल्यापासून गुडघ्यापर्यंतची लांबी आणि बुटाची लांबीही लिहून घेतली. पतींचे खांदे 21 इंच, कुल्ल्यापासून गुडघा 26 इंच, बूट 13 इंच लांब.

आता गरजेची बेरीज. साडेचाळीस इंच शरीर, दबल्यावर उरणारा गादीचा दीड इंच, हेडसेटच्या पट्टीचा एक इंच, आणि त्यावर मोकळे अंतर दोन इंच. हे दोन इंच चैनीचे नाहीत. झटक्याने उसळणाऱ्या हवेत पट्टा घट्ट आवळलेला असला तरी शरीर वर उचलले जाते, गादी फुगते, पाठीचा कणा ताणतो. बेरीज झाली 45. सीटची पाठ उभ्या रेषेपासून 20 अंश कललेली असेल तर 27 इंचांच्या धडामागे साधारण दीड इंच वाचतो. म्हणजे सीटच्या तळापासून कॅनोपीच्या आतल्या बाजूपर्यंत पतींना सुमारे साडेत्रेचाळीस इंच हवेत. मुलाला 41 पुरतात.

कल वाढवून का भागत नाही

इथे बहुतेक जण म्हणतात, सीट थोडी आणखी मागे कलवू. त्याचा हिशेब करून पाहावा. पाठीचा कल 15 अंशांवरून 25 वर नेला तर खांदे साधारण दीड इंच खाली येतात, पण चार इंचांहून जास्त मागे जातात. कॅनोपीचा बुडबुडा सर्वांत उंच एका ठरावीक जागी असतो. तिथून मागे तो उतरत जातो. डोके मागे गेले की छतही खाली आलेले असते, आणि वाचवलेला दीड इंच तिथेच खर्ची पडतो. शिवाय मान पुढे वाकवून बसावे लागते, हात समोरच्या उपकरणांच्या पॅनेलपर्यंत पोचायला लांब करावा लागतो, आणि कंबर पुढे घसरल्यामुळे गुडघे पॅनेलच्या खालच्या कडेला भिडतात. दोन तासांच्या उड्डाणानंतर मानेची जी अवस्था होते, ती जमिनीवरच्या पाच मिनिटांच्या बैठकीत कळत नाही.

दुसरा सोपा वाटणारा उपाय म्हणजे गादीच काढून टाकणे. हा करू नये. आपटीच्या क्षणी कण्यावर येणारा दाब गादी थोडाफार पसरवते. जाड, मऊ, उसळणारा स्पंज मात्र उलट घात करतो: शरीर आधी खाली धसते आणि मग तळावर आदळते. हळू परतणारा, घट्ट फोम दोन इंचांचा घ्यावा. तो बसल्यावर दीड इंचाच्या आसपास राहतो. एवढी जाडी हिशेबात धरलीच पाहिजे. तिसरा उपाय, सीटचा तळ खाली करणे, हा तर आरव्हीमध्ये विसरावा. तळाखालून स्टिकची (विमान चालवायच्या उभ्या दांड्याची) यंत्रणा आणि दांडे जातात. तिथे कापाकाप म्हणजे नियंत्रणाशीच खेळ.

आरव्ही-7 मध्ये बैठक

जवळच्या विमानतळावर पूर्ण झालेले एक आरव्ही-7, टिप-अप (पुढे कलून वर उघडणाऱ्या) कॅनोपीचे, मालकाच्या परवानगीने तपासले. एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनच्या स्थानिक शाखांमधून अशी विमाने आणि मदत करणारे तांत्रिक सल्लागार सहज मिळतात. अनोळखी माणसालाही लोक आनंदाने विमान दाखवतात, हे या छंदाचे फार मोठे बळ आहे.

बसताना नेहमीचे उड्डाणाचे बूट, हिवाळ्यातले जॅकेट आणि स्वतःचा हेडसेट. डोक्यावरचे अंतर मोजायला मुलांच्या खेळातली मऊ माती वापरली: लिंबाएवढा गोळा प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून हेडसेटच्या पट्टीवर ठेवला, आणि कॅनोपी अगदी हळू बंद केली. ॲक्रिलिकवर चरा उठतो, म्हणून बोटातली अंगठी आधी काढून ठेवली. कॅनोपी पूर्ण बंद होईना. माती करंगळीच्या नखाएवढी पातळ झाली आणि कडी अजून अडलेली. ताठ बसल्यावर अंतर शून्य. पोक काढून बसल्यावर जेमतेम अर्धा इंच.

त्याच सीटवर मुलगा बसला तेव्हा माती दीड इंच जाड उरली. म्हणजे मुलासाठी हे विमान हद्दीवर, बापासाठी हद्दीबाहेर. एका विमानाच्या मापावर निकाल देऊ नये, म्हणून दुसरेही पाहिले, स्लायडर (मागे सरकणाऱ्या) कॅनोपीचे. तिथे अंतर थोडे कमीच भरले आणि वर समोरची आडवी चौकट पतींच्या कपाळाच्या रेषेत आली. स्लायडरमध्ये रोल बार (विमान उलटल्यास डोके वाचवणारी चौकट) पुढच्या काचेपाशी असतो, टिप-अपमध्ये डोक्यामागे. लांब धडाच्या माणसाने शक्यतो टिप-अपच पाहावे. गादी, कॅनोपी बसवताना केलेली कापणी, सीटच्या पाठीची जागा, यांमुळे दोन आरव्ही-7 मध्ये इंचभराचा फरक सहज पडतो, पण इथे कमतरता दोन इंचांची होती. आरव्ही-9 चे फ्यूजलाज जवळपास तसेच असल्याने तोही बाद.

हार्नेसची, म्हणजे कंबर-खांद्याच्या पट्ट्यांची तपासणी याच बैठकीत झाली, आणि ती डोक्याच्या अंतराइतकीच महत्त्वाची आहे. खांद्याचा पट्टा खांद्यावरून मागे जाताना आडवा किंवा वर चढणारा असावा, साधारण 30 अंशांपर्यंत. आडव्या रेषेखाली तो पाच अंशांहून जास्त उतरू नये. लांब धडाच्या माणसाचे खांदे वर आलेले असतात, त्यामुळे मागे ठरावीक उंचीवर बांधलेला पट्टा खाली ओढला जातो. धडकेच्या क्षणी असा पट्टा माणसाला मागे धरण्याऐवजी खाली दाबतो, आणि तो दाब कण्यावर येतो. मोजायला कोनमापक आणि सुतळी पुरते. पतींच्या बाबतीत पट्टा आडव्या रेषेखाली स्पष्ट दिसण्याइतका उतरलेला होता. डोक्याला जागा मिळाली असती तरी या एका कारणावरून नकार द्यावा लागला असता.

रुंदीचा मुद्दा त्यामानाने झटपट सुटला. आरव्ही-7 ची केबिन सुमारे 43 इंच. बाप-लेकांचे खांदे मिळून 40 इंच. वर जॅकेट, मधे हेडसेटच्या वायरी. जवळ बसणे चालेल, पण बाहेरच्या बाजूचा हात स्टिक फिरवताना भिंतीला घासतो.

वजनाचे गणित

धिप्पाड माणूस म्हणजे वजनाची अडचण, असा समज असतो. आकडे थोडे वेगळे सांगतात. आरव्ही-7 चे कमाल वजन 1,800 पौंड. व्यवस्थित बांधलेले, सुसज्ज विमान रिकामे 1,130 च्या आसपास धरू. उरले 670. पूर्ण टाकी 42 गॅलन, म्हणजे 252 पौंड. माणसांना आणि सामानाला 418. पती-पत्नी मिळून 395, चालते. बाप-लेक 435, म्हणजे तीन गॅलन इंधन कमी भरायचे. अडचण फार मोठी नाही. कसरतींची मर्यादा मात्र 1,600 पौंड आहे; तिथे बाप-लेक बसले की इंधनाला 35 पौंड उरतात, म्हणजे सहा गॅलनही नाही. दोघांनी मिळून कसरती करण्याचा विचार इथेच संपतो.

गुरुत्वमध्याकडे (विमान ज्या बिंदूवर तोलले जाते त्याकडे) अधिक लक्ष द्यावे लागते. उंच माणूस सीट मागच्या जागेवर लावतो. दोघे मिळून 435 पौंड दोन इंच मागे गेले तर 870 इंच-पौंड मागे गेले. उतरतानाचे वजन 1,650 धरले तर गुरुत्वमध्य अर्ध्या इंचाने मागे सरकला. आरव्हीत इंधन पंखाच्या पुढच्या भागात असल्याने ते जळत जाते तसतसा गुरुत्वमध्य आणखी मागे जातो. निघताना मर्यादेत असलेले विमान सामानासह उतरताना मागच्या हद्दीला टेकू शकते. म्हणून हिशेब निघतानाचा आणि रिकाम्या टाकीचा, असा दोनदा करावा.

बाकीचे पर्याय

किट विमाने बनवणारी झेनिथ कंपनी मिझुरीतच, मेक्सिको नावाच्या गावात आहे. तिथे दोन दिवसांच्या कार्यशाळेत स्वतःच्या हाताने रडर (शेपटीवरचा सुकाणू) बांधून घरी नेता येतो, आणि त्याच फेरीत विमानात बसूनही पाहता येते. त्यांच्या सीएच 750 क्रूझर या विमानाची केबिन 42 इंच, पण बाहेर फुगवलेल्या दारांमुळे खांद्यांपाशी 50 इंच. मधोमध एकच स्टिक, इंग्रजी वाय अक्षरासारखी, त्यामुळे मांड्यांमध्ये काही नाही. लांब मांड्यांच्या माणसाला हे फार सुखाचे. डोक्याला जागाही पुरली. पण वरच्या पंखाच्या कुठल्याही विमानात उंच माणसाने एक गोष्ट जरूर पाहावी: डोळे पंखाच्या खालच्या कडेच्या वर तर जात नाहीत? तसे झाले तर बाजूला पाहण्यासाठी प्रत्येक वेळी मान झुकवावी लागते, आणि वळण्याआधी आकाश तपासायची सवय हळूहळू सुटते. पतींचे डोळे कडेच्या अगदी रेषेत आले. क्रूझर नाकारण्याचे खरे कारण मात्र वेग. ताशी 120 मैलांच्या आतबाहेर चालणारे विमान चार-पाचशे मैलांच्या प्रवासाला नेता येते, पण या कुटुंबाला ते नको होते. छोट्या गवती धावपट्ट्या आणि शनिवार-रविवारची भटकंती असती तर इथेच थांबायला हवे होते.

आरव्ही-8 मध्ये माणसे एकामागे एक, त्यामुळे खांद्यांचा प्रश्नच येत नाही. पण पत्नीला पूर्ण नियंत्रणे हवी होती, आणि ती पुढच्याच सीटवर असतात. चार सीटचे आरव्ही-10 सर्वांत ऐसपैस, सुमारे 48 इंच. पण त्याला सहसा 260 अश्वशक्तीचे इंजिन लावतात, आणि तो खर्च दोन सीटवाल्यांच्या आवाक्याबाहेरचा.

राहिले आरव्ही-14. व्हॅन्स कंपनीने ते 2012 मध्ये ऑशकॉशच्या विमान मेळाव्यात दाखवले, मोठ्या शरीराच्या माणसांचा विचार करूनच. पंख आरव्ही-10 च्या पंखावरून घेतलेले, इंजिन लायकॉमिंग कंपनीचे, 210 अश्वशक्तीचे, केबिन सुमारे 46 इंच, कमाल वजन 2,050 पौंड, टाकी 50 गॅलन. रिकामे वजन 1,280 धरले तर पूर्ण टाकीनंतर 470 पौंड उरतात. बाप-लेकांनंतरही 35 पौंड सामानाला. मातीचा गोळा इथे जवळजवळ दोन इंच जाड उरला, पती ताठ बसलेले असताना. हार्नेसचा कोन आडवा. गुडघे आणि पॅनेल यांत चार बोटे. पाऊण तास सलग बसून पाहिले, पाय दोन्ही पेडलांवर पूर्ण दाबून, स्टिक चारही कोपऱ्यांत नेऊन.

किंमत आरव्ही-7 पेक्षा बरीच जास्त, इंजिन महाग. हा निर्णय सोपा नव्हता. व्हॅन्सने डिसेंबर 2023 मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला होता आणि 2024 मध्ये ती त्यातून बाहेर आली. त्या काळात आधी पैसे भरलेल्यांना वाढीव किमती स्वीकाराव्या लागल्या. म्हणून कुटुंबाने एका वेळी एकच किट मागवायचे, आधीचे बांधून होईपर्यंत पुढच्याची रक्कम भरायची नाही, असे ठरवले. आमच्या मते ते योग्यच होते. दोन इंचांसाठी एवढे पैसे, असे कुणी म्हणेल. पण हे दोन इंच नसतील तर बाकी सगळा खर्च फुकट जातो.

ऑर्डर देण्याआधीचा सांगाडा

निर्णय पक्का करण्याआधी गॅरेजमध्ये लाकडी सांगाडा उभारला. अर्ध्या इंची प्लायवूडचे दोन तक्ते, स्टिकच्या जागी झाडूचा दांडा, कॅनोपीच्या जागी वाकवलेली प्लास्टिकची नळी. मापे प्रत्यक्ष विमानात घेतलेली: सीटचा तळ, पाठीची बिजागरी, पेडलांची जागा, पॅनेलची खालची कड, कॅनोपीचा सर्वांत उंच बिंदू. एका शनिवार-रविवारचे काम. त्यातून तीन गोष्टी बाहेर आल्या, ज्या विमानात बसून ध्यानात आल्या नव्हत्या.

पहिली, 13 इंचांचा बूट. ब्रेक रडरच्या पेडलच्या वरच्या भागात असतो; टाच जमिनीवर ठेवली की चवडा आपोआप त्यावर जातो. रडर दाबताना ब्रेकही दाबला जातो, आणि उतरताना तसे झाले तर टायर फुटतो किंवा विमान एका बाजूला ओढले जाते. उपाय पेडल पुढे नेण्याचा नाही, कारण मग बुटाचे टोक फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) आणि ब्रेकच्या नळ्यांना लागू शकते. टाचेखालची जागा मोकळी ठेवायची, जाड गालिचा घालायचा नाही, आणि पातळ तळाचे बूट वापरायचे.

दुसरी, पत्नी. पेडल पतींच्या पायांच्या मापाने लावले तर पत्नीचा पाय पूर्ण दाबापर्यंत पोचेना, आणि तिचे डोळे पतींच्या डोळ्यांपेक्षा सहा इंच खाली. दोघांसाठी पेडलांची एकच मधली जागा शोधण्यात अर्थ नव्हता. पेडल पतींच्या मापाने लावले, आणि पत्नीसाठी पाठीला चार इंच आणि खाली तीन इंच घट्ट फोमच्या वेगळ्या गाद्या करायच्या ठरल्या. त्या हार्नेसखाली सरकू नयेत म्हणून त्यांना सीटला पकडणाऱ्या पट्ट्या शिवायच्या. घसरणारी गादी असण्यापेक्षा नसलेली बरी. उड्डाण घेताना पाठीमागची गादी दबली तर हात आणि पाय दोन्ही नियंत्रणांपासून मागे जातात.

तिसरी, स्टिक. पतींच्या मांड्या जाड आणि गुडघे वर आलेले. दांडा पूर्ण डावीकडे नेला की मांडीवर आदळे. बहुतेक बांधणारे आरव्हीची स्टिक आपल्या मापाने कापून घेतात, पण घाईने कापलेली स्टिक वाढवता येत नाही. म्हणून ती शेवटी कापायची: सीटचे शिवलेले कव्हर आणि अंतिम फोम बसवल्यावर, पती, पत्नी आणि मुलगा आळीपाळीने बसून, प्रत्येकाने स्टिक चारही कोपऱ्यांत नेऊन, जॅकेटसह. अर्ध्या इंचाची खूण टेपने करायची, त्या उंचीवर मूठ धरून पुन्हा सगळ्या हालचाली करायच्या, आणि तिघांचीही मांडी मोकळी राहिली तरच त्या खुणेवर आरी लावायची.